बारा फुटांची डोरीन

माझे बाबा तिला फुटांत ओळखायचे.

पहिल्यांदा आली तेव्हा दीड फूट,
नायकाच्या कोपराखाली, मान तिरकी.
फोटोच्या मागं पेन्सिलीनं
नुसतं 'मुलगी' लिहिलेलं.
मॅटिनीचा इंग्लिश पिक्चर, चार दिवसांचा,
त्याला निळा रंग कोण घालवणार?
बुधलेशेठ म्हणाले, डोळे काळेच काढा मेस्त्री,
हितं कोण मोजाय बसलंय.

तीन वर्षांनी सहा फूट, नावासकट:
डोरीन हॅलोवे.
बाबांनी 'हॅ' तीनदा पुसला.

मग एका दिवाळीला बारा.
मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात मावेना,
म्हणून कपाळ एका दिवशी रंगवलं, हनुवटी दुसऱ्या.
मधल्या रात्री ती अर्धीच वाळत पडली होती
आणि आई पहाटे
तिच्या केसांवरून पाय उचलत पाण्याला गेली.

फोटो एवढासा, धुरकट.
नाक कुठं सुरू होतं तेच दिसेना.
बाबांनी हाक मारली,
"तुळसा, जरा उजेडाला बस."
आई पिठाच्या हातांनी तशीच बसली,
भाकरी करपली त्या दिवशी.

बिंदू चौकात आठवडाभर
सायकली तिच्याखालून गेल्या,
माना वर करून, घंटी न वाजवता.
फक्त कासारणीनं विचारलं,
"वैनी, ही तुमच्या पावण्यातली व्हय?"

रद्दीत एक मासिक आलं होतं.
शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं अडखळत वाचून दाखवलं:
नदी गोठते त्या गावातली,
बाप डब्यांच्या कारखान्यात,
एकोणिसाव्या वर्षी बसनं निघाली,
अकरा पिक्चर, दोन नवरे,
आणि स्टुडिओनं कंत्राट वाढवलं नाही.
बाबांना त्यातला एकच शब्द नीट कळला.
कंत्राट.
ते बराच वेळ ब्रश धूत राहिले,
घासलेट गढूळ झालं तरी.

पुढं आठ फूट. मग चार.
मग पुन्हा कोपऱ्यात, आता नायकाची थोरली बहीण म्हणून.
मग आलीच नाही.
शेठना विचारलं तर म्हणाले,
ती आता टीव्हीत गेली,
आवाज खाली करून,
कुणी गेल्याचं सांगावं तसं.
आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही नव्हता.
आणि टीव्हीला
बॅनर लागत नाही.

बारा फुटांचं कापड बाबांनी धुतलं नाही.
बाकीची सगळी धुतली, खळ लावली, पुन्हा रंगवली.
हे तेवढं माळ्यावर होतं,
दुधाच्या उधारीत गंगावेशीतला रंगा गवळी घेऊन गेला तोवर.
त्यानं ते गोठ्यावर ताणलं.
रात्री कट्ट्यावर माणसं
म्हशीचं ताजं फेसाळ दूध पीत उभी,
आणि वर एक काळा डोळा, परातीएवढा,
आणि आईचं नाक.

फ्लेक्स आला. ब्रश वाळले. बाबा गेले.

परवा फोनवर सापडली.
जुनी मालिका, डॉक्टरच्या बायकोचं काम,
नऊ वर्षं तेच स्वयंपाकघर, तोच टेलिफोन.
प्रत्येक भागात ती एकदा दार उघडते
आणि म्हणते, उशीर झाला तुला.
शेवटच्या भागांत केस पांढरे,
जिना उतरताना कठड्याला हात.
तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला:
जाडा, किंचित बसलेला,
सर्दी झालेल्या शिक्षिकेसारखा.
बाबांनीही ऐकला नसावा.
पिक्चर लागायच्या आतच त्यांचं काम संपायचं,
आणि तिकिटाचे पैसे पगारातनं कापायचे.

डोळे राखाडी निघाले.
निळेही नाहीत, काळेही नाहीत.

आई शेजारीच लसूण सोलत होती.
चष्मा पुसून तिनं फोन जवळ घेतला,
लांब धरला, पुन्हा जवळ.
डोरीन दार उघडत होती.
आईचं बोट लागलं आणि ती तिथंच थांबली.
आई बघत राहिली, मग फोन परत देत म्हणाली,

"नाक चुकलंय हिचं."