शेवटची बादली

गिझर फुटला असं म्हणता येणार नाही.
पाझरायला लागला मंगळवारी पहाटे,
आणि बाथरूमच्या पांढऱ्या टाइलवर
गंजाचा एक ओघळ, लांब,
कुणी खालपर्यंत बोट ओढत नेल्यासारखा.

मेल्विन डाबरे स्टुलावर चढला,
आतून एक सळई काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली.
विझलेल्या उदबत्तीएवढी उरली होती.
"ही मॅग्नेशियमची. पाणी हिला खातं,
म्हणून टाकीला खात नाही.
दर दोन वर्षांनी बदलायची असते, साहेब."
अकरा वर्षं झाली होती.
आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मी म्हणालो.
"पुस्तकात लिहिलेलं असतं," तो म्हणाला,
आणि स्टूल पुसून जागेवर ठेवलं.

संध्याकाळी आम्ही दोघं मानपाड्याला, गडा इलेक्ट्रिकल्समध्ये.
मी वही घेऊनच गेलो होतो. दोन रकाने आखलेले.
डावीकडे टाकीवाला: पंचवीस लिटर, दोन किलोवॅट,
आधी तापवून ठेवायचं, मग पुरवून पुरवून वापरायचं,
मुदत ठेवीवर जगणाऱ्या माणसासारखा.
उजवीकडे इन्स्टंट: नळ सोडला की पेटला,
बंद केला की गप्प. हातावर पोट.
खाली बारीक अक्षरात अडचणी:
आपला सातवा मजला, गच्चीच्या टाकीला डोकं लागतं,
पाण्याला जोर नाही.
कोलशेतला येणारं टँकरचं पाणी,
चहाच्या पातेल्याला महिन्यात पांढरी खपली धरणारं.
जुनी वायर. तिला साडेचार किलोवॅट झेपेल का?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

"तुला काय वाटतं?"
"मला काहीही चालेल," ज्योत्स्ना म्हणाली,
आणि पलीकडच्या काउंटरवर
मिक्सरच्या भांड्यांची झाकणं उघडून बघायला लागली.

गडाशेठनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.
चष्मा कपाळावर सरकवला.
"घरात माणसं किती?"
पाच.
"शेवटी आंघोळ कोण करतं?"

हे काही वहीत नव्हतं.
मी करंगळीपासून मोजायला लागलो.
साडेसहाला नाना, गुडघ्यांसाठी कढत, दोन बादल्या.
मग निहार, शॉवरखाली उभ्याउभ्या झोपणारा.
मग मुग्धा, आणि केस धुवायचा वार असला तर
दारावर तीनदा थाप.
मग मी. सात चाळीसला. पाणी छान असायचं,
तक्रारीला जागा नव्हती कधी.
अंगठ्यापाशी येऊन बोटं थांबली.

अकरा हिवाळे.
तसा ठाण्यात हिवाळा कितीसा असतो,
हेही मनात आलं. लगेच आलं.

"इन्स्टंट द्या," मी म्हणालो, नको तितक्या मोठ्यानं.
मग प्रेशर पंप आला, नवी वायर आली, नवा एमसीबी.
ठरवल्यापेक्षा साडेपाच हजार वर गेले.
मेल्विन दोन दिवस कुरकुरत होता
की एवढ्यात मोठी टाकी आली असती.
आली असती. खरं आहे.

शुक्रवारी नवा गिझर सुरू झाला.
डबे भरून झाल्यावर, आठ वीसला, ती आत गेली.
मला उशीर झाला होता तरी मी
बूट घालत, सोडत, परत घालत दारापाशी बसून राहिलो.
गरम नळाचा आवाज आला, जाड, भरलेला.
मग थंड नळाचा.
तो बराच वेळ चालू राहिला.

बाहेर आली तेव्हा विचारलं, कसं आहे पाणी?
"चांगलं आहे की. फार कढत येतं पण.
थंड ओतून घेतलं."
किती?
टॉवेलनं कान पुसत तिनं जरा आठवून पाहिलं,
"रोजच्यासारखं होईपर्यंत," म्हणाली,
"तुम्ही अजून गेला नाहीत?"