तिसरा सिलिंडर

धावते तेव्हा काही नाही, म्हणाली एस्पेरान्सबाई,
बेतूलहून कुडचड्यापर्यंत एकदा कुरकुरली नाही.
थांबली की कापते. रेल्वे फाटकावर तर
जुडग्यातल्या किल्ल्यासुद्धा वाजायला लागतात.

नव्याण्णव सालची एस्टीम. पांढरी होती कधीतरी.
मडगावात प्लग बदलले, कॉइल बदलली,
केप्यात पंप. आता म्हणे तिचं डोकंच गेलंय,
नवा कॉम्प्युटर घाला, चाळीस हजार.
डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा
पेटतो, विझतो,
कुणाला विचारून नाही.

मी म्हटलं, चालूच ठेवा. बोनेट उघडलं.
पहिल्या इंजेक्टरचा प्लग ओढला, इंजिन खचलं.
दुसऱ्याचा ओढला, खचलं.
तिसऱ्याचा ओढला
आणि काहीच झालं नाही,
गैरहजर पोराचं नाव पुकारावं तसं.

इनास मेस्त असता तर एवढंही केलं नसतं.
बावीस वर्षं बार्जच्या इंजिनरूममध्ये, दोन्ही कान गेलेले.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरायचा,
टोक इंजेक्टरवर, डोळे मिटून.
ऐकतं ते हाड, म्हणायचा. कान म्हणजे नुसतं दार.
मी मूठ कानामागे टेकवतो.
दातांत धरायची अजून हिंमत नाही.

तिसऱ्याला काढून पहिल्याच्या जागी बसवला,
तिथे शहाण्यासारखा टिकटिकला.
म्हणजे इंजेक्टर निर्दोष. सुटला बिचारा.
बारा व्होल्ट पोचत होते. टेस्टिंगचा बल्ब लावला,
लुकलुकला, चुकला, लुकलुकला.
मग हात घातला मागे, जिथे नजर पोचत नाही,
वायरिंगच्या जुडीवरून बोटं सरकवत
अंधारात जिना उतरावा तसा.
एका वळणावर दाबलं आणि इंजिन
एकदम शांत. सोडलं, परत कापरं.

काळी टेप सोलली. खाली दवाखान्यातली चिकटपट्टी.
गुलाबी, कापडी, कडांना मेण चढलेलं,
शेवटचं टोक नीट दुमडलेलं,
काढताना नख लागावं म्हणून.

बाई पुढे वाकली. ही माझी, म्हणाली.
एकतीस वर्षं हॉस्पिसियोत ड्युटी केली,
घरच्या पेटीतली पट्टी कायम गायब.
मिंगेलवर ओरडायचे मी, खातोस की काय?
तो हसायचा नुसता.
नऊ वर्षं झाली त्याला जाऊन.

पट्टीखाली तांबं शेवाळलेलं, हिरवं भुगा,
एक तार तेवढी धरून होती.
कापडाने ओल धरली असणार,
बेतूलची खारी हवा, एकामागून एक पावसाळे.
त्याने जखम बांधली
आणि त्या बांधण्यातच वायर सडत गेली.
हे मला दिसलं.
मी म्हटलं, उंदरानं कुरतडलं असेल.

चार बोटं कापली, लाल तांबं लागेपर्यंत.
नवा तुकडा, कथलाचा डाग, धूर डोळ्यांत,
वर नळी चढवून लायटर फिरवला.
मग एअर फिल्टरवर चहाचा ग्लास ठेवला,
ही इनासची परीक्षा.
साय हलली नाही.

किती? दीडशे, मी म्हटलं.
चाळीस हजारांवर विश्वास ठेवला होता तिने,
दीडशेवर बसेना.
तीनदा विचारलं.
पट्टीही मागून घेतली. कागदात बांधून देतो म्हटलं
तर नको म्हणाली, सुट्या पैशांच्या खणात टाकली.

गाडी वळली आणि फाटक पडलं.
मालगाडी यायची होती अजून.
ती इंजिन चालू ठेवूनच थांबली.
मी दारात उभा राहून कान दिला.
काही ऐकू येईना.