उतारा क्रमांक तीन

उतारा मीच रचला होता, शुक्रवारच्या वर्गासाठी.
गुदैबियातला आमचा हॉल, सोफा भिंतीला सरकवला
की सात मुलं मावतात.

'सदू उठला. खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या होत्या.
फुटपाथवर पाणी साचलं होतं. बाबा दाराबाहेर उभे राहून
चष्मा पुसत होते. आईनं छत्री काढून ठेवली.'
बाहेर काय चाललं असेल? पुरावा द्या. गुण दोन.

सहा वह्यांत पाऊस पडला.
सातवी झैद परकारची. तिच्यात लिहिलेलं:
'ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर असणार.
आत एसी, बाहेर दमट, म्हणून काच बाहेरून ओली.
फुटपाथवरचं पाणी वरच्या एसीचं.
बाबा आतून बाहेर आले तेव्हा चष्म्यावर धुकं आलं.
छत्री उन्हाची आहे. माझी मम्मी पण नेते.
पाऊस असता तर सगळे खाली उतरून
व्हिडिओ काढत असते.'

मी फुली मारली. लाल, ठसठशीत.
सराव असतो हाताला.

मग कोथिंबीर आणायला खाली उतरले
आणि बिल्डिंगचं काचेचं दार ढकलताच
जग पांढरं झालं.
पुरावा माझ्याच नाकावर बसला होता.
ओढणीनं पुसत राहिले कितीतरी वेळ.
मालवण सुटून मला एकोणीस वर्षं झाली,
तरी माझ्या प्रश्नांत अजून मालवणचंच पाणी.

पुढच्या शुक्रवारी फुली खोडून दोन गुण दिले.
तो म्हणाला, 'टीचर, मग पाऊस लिहिणारे चुकले?'
म्हटलं, नाही. त्यांचंही धरायचं.
तो थोडा थांबला. पेन्सिलीचं टोक चावलं.
'मग उताऱ्यात गावाचं नाव घाला ना.'

त्यानंतर तीन शुक्रवार तो आला नाही.
फोन बंद.

आता एक एक आठवतं.
पहिल्या दिवशी त्याची आई, चप्पल न काढता, उंबऱ्यातूनच:
'तिकडं आठवीला एकदम मराठीत बसवतात काय ओ?'
मी म्हटलं, होईल हो सवय.
फी महिन्याची द्यायची. सहा महिन्यांची एकदम भरली
तर सूट होती, तरी महिन्याचीच.
वही नवी कधी नव्हती,
जुन्या वह्यांची कोरी पानं शिवलेली, जाड दोऱ्यानं.
मे महिन्यापर्यंत खालून गाडीचा हॉर्न यायचा.
जूनपासून तो चालत यायचा,
शर्ट पाठीला चिकटलेला,
आल्याबरोबर दोन ग्लास पाणी.
मी पाणी द्यायचे. बर्फ घालून.

सगळं डोळ्यांसमोर, स्वच्छ अक्षरात.
खाली प्रश्न छापलेला नव्हता,
म्हणून मी ते वाचलंच नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्या गल्लीत गेले.
तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी.
दोरीवर कपडे नाहीत. चिमटे आहेत, चार.
डिश अँटेना जागेवर. पडदा अर्धा.
नेले असते तर चिमटे नेले असते का?
चिमटे कोण नेतं?

खिडकीखाली फुटपाथवर ओला गोल,
त्याच्या काठाशी एक मांजर पाणी पीत होतं.
वर एसी चालू. थेंब, मग बराच वेळ नाही, मग थेंब.
म्हणजे घरात कुणीतरी आहे.
परकार, की त्यांच्या जागी आलेले कुणी,
ते यातून निघत नाही.
वर जाऊन बेल दाबली असती तर निघालं असतं.
जिन्यापर्यंत गेले होते मी.

परत येऊन त्याच जागी उभी राहिले, मान वर करून,
आणि एक थेंब बरोबर चष्म्यावर आला.
काढून पुसायला लागले.

कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून बशीर बाहेर आला,
हातात खुबूसची पाकिटं.
माझ्याकडे पाहिलं. मांजराकडे पाहिलं.
'क्या हुआ, टीचर?'

'कुछ नहीं,' मी म्हटलं.
'एसी का पानी.'