बावन्न मिलिमीटर

एकतीस वर्षं पिंपरीत, तपासणी खात्यात.
पुढ्यात बेअरिंगच्या रिंगा,
हातात व्हर्नियर,
बसणार नाही तिच्यावर लाल ठिपका.
आता वेताळ टेकडीवर, खाणीच्या अलीकडे,
एका वठलेल्या मोईसमोर बसतो.
डब्यात दशमी, खिशात तेच व्हर्नियर.
उगाच. सवय.

खोडाला भोक आहे. तांबटानं कोरलेलं,
दोन हंगाम राहून सोडलेलं.
श्रावणात शेजारच्या खडकावर चढून मापलं :
एकेचाळीस.
दिवाळीनंतर पुन्हा मापलं : बावन्न.
खाली गवतात भुसा, ताजा, पिवळा.
कुणीतरी कडा चावून चावून
स्वतःच्या मापाची करून घेतली होती.

टुई.
पोपट म्हटलं की लोकांना पेरू खाणारा तो कर्कश कीर आठवतो.
ही जात रानातली, अंगानं लहान,
हाक मारते तीही शेवटी स्वर उंचावून,
टुई?
जणू आधी विचारते, मग येते.
उडताना थवा झाडांच्या मधून असा वळतो
की एकाचंही पंख फांदीला लागत नाही.
इतक्या कमी फटीत मी कुठलंच यंत्र चालताना पाहिलेलं नाही.

नराचं डोकं जांभळाच्या रंगाचं.
जांभूळ खाऊन हात धुतल्यावर
बोटांवर मागे उरतो, तो रंग.
गालाशी गुलाबी, मानेकडे निळा, मग काळी रेघ.
चोच पिवळी, शेपटीचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं,
आणि खांद्यावर लाल ठिपका.
आमच्या खात्यात आला असता
तर परत पाठवला असता.

मादीचं डोकं राखाडी. ठिपका नाही.
अंड्यांवर ती एकटी बसते, तीन आठवडे,
तो गिरिपुष्पाच्या पाकळ्या आणि बाणेरकडची कोवळी ज्वारी
पोटातून वर काढून तिला भरवतो.
बाणेरला ज्वारी आता कुठे उरलीय, ते त्यालाच ठाऊक.
पिल्लांची डोकी आधी हिरवीच.
नराला रंग चढतो तिसऱ्या वर्षी.
माझी उमेदवारीही तीन वर्षांचीच होती.
इंदुमती म्हणते, तुमचं डोकं अजून हिरवंच आहे.

माघात उद्यान खात्याचा मेंगडे आला,
डबा, ब्रश आणि यादी घेऊन.
पायवाटेलगतची मेलेली झाडं. धोका.
मोईवर त्यानं लाल ठिपका दिला, खाली आकडा : ११७.
म्हणालो, थांबा, आत माणसं आहेत.
तो हसला. मीही हसलो असतो.
मग त्यानं खोडाला कान लावला.
बराच वेळ लावला.
खरखर, आणि त्या खरखरीच्या आत
चार बारीक भुका.
कान काढून म्हणाला,
काका, यादी वर गेलीय.

रात्री झोप लागली नाही.
पहाटे माळ्यावरून पॉलिश पेपर काढला, शंभर नंबरचा.
अंधारात खोड घासताना
वर काहीतरी एकदम गप्प झालं.
एकतीस वर्षांत मी दिलेला एकही ठिपका
मी पुसला नव्हता.
धोंडिबा खिलारेच्या हातून झालेली ती रिंग,
पाव मिलिमीटरची चूक,
त्याची बढती गेली तेव्हाही नाही.

करवतवाले आले त्या दिवशी मी दशमी खात बसलो होतो.
मेंगडे म्हणाला, एकशे सोळा झालं.
बोट यादीवरून खाली सरकलं.
मग त्यानं माझ्या नखांकडे पाहिलं, तांबड्या,
आणि म्हणाला, एकशे अठरा.

चैत्रात चौघं निघाली, एकेक,
शेवटचं दारात फार वेळ बसलं.
पाषाणच्या बाजूला गेली सगळी, हिरव्या डोक्यांची.
टुई?
कुणाला विचारलं, कळलं नाही.

भोक पुन्हा मापलं.
चोपन्न.
वहीत लिहिलं.
शेऱ्याचा रकाना तसाच ठेवला.