उशिरा व कमी दाबाने

दर मंगळवारी मी एक निवेदन टाइप करते.
गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी
खालील भागांत पाणी येणार नाही,
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.
मग यादी: सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडी,
पद्मावती, म्हणजे आमचं घरही.
अकरा वर्षं मजकूर तोच,
तारीख तेवढी बदलायची.

गोळी बंद केली त्याला साडेपाच महिने झाले.
बंद म्हणजे एकदम नाही.
डॉ. शहाणे (या आडनावावर आम्ही दोघं एकदाच हसलो)
म्हणाले, अर्धी, मग पाव, मग पावही दिवसाआड.
शेवटी शेवटी सुरीखाली नुसती भुकटी व्हायची,
ती मी बोटाच्या टोकाने टिपून खायचे
लहानपणी प्रसादाची साखर टिपायचे तशी.
चालता चालता डोक्यात ट्यूबलाइट लुकलुकायची.
पर्वतीच्या पायऱ्यांवर दोनदा कठडा धरून उभी राहिले.
ते सगळं त्यांनी आधी सांगितलं होतं.

हे नव्हतं सांगितलं.

आमच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि माझे
एकाच पेनाने.
पूर्वी अठ्ठावीस, फार तर तीस.
केस धुवायचंही जमत नव्हतं त्या दिवसांत
ती बरोबर यायची,
घरात कुणी गेलंय हे न कळलेल्या पोस्टमनसारखी.
आता बावीस. मग एकेचाळीस.
मग चौपन्न दिवस काहीच नाही,
आणि पंचावन्नाव्या दिवशी कचेरीत, जावक रजिस्टरसमोर,
एक तपकिरी डाग.
बास.

त्याच्या दोनच दिवस आधी
कोपऱ्यावरच्या ओसवालांकडून किट आणलं होतं.
त्यांनी न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी.
श्रीरंग बाथरूमच्या दाराबाहेर उभा.
एकच रेघ.
"एकच?" त्याने विचारलं,
आणि मला कळेना त्याच्या आवाजात सुटका होती
की दुसरं काही.
त्यालाही कळलं नसावं. त्याने चहा टाकला.

सोनोग्राफीला सहा ग्लास पाणी पिऊन बसले,
पाणी खात्यातली बाई, पाणी धरून.
गर्भाशय नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल.
बायकांच्या डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांमुळे असेल, त्यांना विचारा.
शहाणे म्हणाले, गोळ्या तर आता नाहीत, बाईंना दाखवा.
दोघांच्या मध्ये टिळक रस्ता,
आणि तो मी फाइल छातीशी धरून ओलांडत राहिले.

हौसाबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या,
"माझी गेली तवा सांगून न्हाई गेली.
दोन वर्सं मी फडकी धुवून ठेवत हुते."
आणि बादली उचलून आतल्या खोलीत गेल्या.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
गोळीच्या चार वर्षांत मला रडू येत नव्हतं.
बाबा गेले तेव्हाही नाही,
डोळे चोळून लाल केले, लोकांसाठी.
परवा बसमध्ये, स्वारगेटच्या सिग्नलला,
पुढच्या सीटवरच्या मुलीने वेणीचं रबर काढून दातांत धरलं
आणि केस पुन्हा बांधले.
एवढंच.
आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा.
कंडक्टर सुटे पैसे मागायचं विसरला.
रुमाल म्हणून पर्समधून जे काढलं ते पॅड निघालं,
तीन महिने सोबत फिरून चोळामोळा झालेलं.
तसंच मुठीत धरून पद्मावतीला उतरले.

आज एकोणचाळिसावा दिवस.
ओटीपोटात काहीतरी ओढतंय,
किंवा काल रात्रीची चवळी.

शुक्रवारी सकाळी फोन वाजतात.
गवळीवाड्याजवळचे एक आजोबा दर वेळी विचारतात,
नक्की किती वाजता?
मी व्हॉल्व्हवाल्या कोंडिबांनी शिकवलेलं सांगते:
लाइन रिकामी झाली की आधी हवा येते,
नळ खोकतो, फुसफुसतो, घाबरू नका.
मग गढूळ येईल. ते थोडं वाहू द्या.
आणि स्वच्छ?
ते नाही सांगता येत, आजोबा.
पलीकडे जरा वेळ नुसता श्वास.
"बरं," ते म्हणतात,
"बादली लावून ठेवतो."