साठ आकडे

अंगठा उठत नाही माझा.
रेशनच्या मशीनवर उठत नाही, फोनवर तर नाहीच.
तीस वर्षं सुरमई कापली, कोळंबी सोलली,
मिठानं नि बर्फानं
बोटांवरच्या रेषा कधी धुवून नेल्या,
कळलंच नाही.

रुचितानं ॲप घालून दिलं.
सुट्टीला आली होती रत्नागिरीहून,
सर्जेकोटच्या जेटीवर उलट्या क्रेटवर बसून म्हणाली,
आता मामाचं नि तुझं बोलणं
तुम्हा दोघांखेरीज कुणाला वाचता येणार नाही.
कंपनीलासुद्धा?
कंपनीलासुद्धा.
मग ती हे फुकट देते कशाला, मी विचारलं.
तिनं फोनची काच पदराला पुसली. माझ्याच पदराला.

लपवण्यासारखं आहे काय आमच्याकडे?
आहे.
देवळाचा कळस आणि टॉवरचा तांबडा दिवा
एका रेषेत आले
की तिथं गुंडूदादा जाळं टाकतो.
बाबांच्या वेळी टॉवरच्या जागी माड होता.
ती जागा त्यांनी जन्मभर कुणाला दाखवली नाही,
जाताना दादाला सांगितली, तीही कानात.
मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होते.

तर निरोप चोवीस तासांत आपोआप पुसला जाईल
अशी सोय करून रुचिता गेली.
पिन सहा आकडी.
वाढदिवस नको, होडीचा नंबर नको,
आणि कुठं लिहून ठेवू नकोस, आई.

बुधवार होता. लिलाव संपत आलेला.
सगळ्या होड्या लागल्या, दादाची नाही.
फोनवर एक मिस्ड कॉल, मग एक निरोप,
मग काही नाही. लावला तर लागेना.
पंख्यात दोर अडकला होता त्याच्या,
हे नंतर कळलं.
वायरलेसवर बोलला असता तर अख्ख्या बंदरानं ऐकलं असतं,
म्हणून बोलला नाही.
आकड्यांत जागा पाठवली. फक्त मला.

अंगठा लावला. ओला.
पोलक्याला पुसून लावला. खवलं चिकटलेली.
पिन टाकला, चुकला.
टाकला, चुकला.
तीस सेकंद थांबा, म्हणाला.
मग एक मिनिट.
मग पाच.
माझ्याच हातातला फोन
मला विचारत होता, तू कोण?

आणि आत, त्या काचेखाली,
माझा भाऊ मला सांगत होता तो कुठं आहे.
इतकं जपून सांगत होता
की मलाही ऐकू येत नव्हतं.

काय झाला गो, कोणीतरी विचारलं.
मी ओरडले.
कळस नि टॉवर एका रेषेत,
थयसून मतलयेन भायर गेली आसतली होडी!
लिलावाचा आवाज थांबला.
मग तीन इंजिनं सुरू झाली.

दुपारी त्याला ओढून आणला.
आता त्या जागेवर अकरा होड्या असतात.
कधी बारा.

दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी जाळं शिवताना, मान खालीच,
तुका कोणी सांगल्यान?
उंबऱ्यार होतंय, मी म्हटलं. पाणी घेऊन.
सुईत दोरा भरत राहिला बराच वेळ.

रुचितानं येऊन फोन पुसून काढला, ॲप पुन्हा घातलं.
मग म्हणाली, दोघांचा क्रमांक बदललाय,
साठ आकडे आहेत, समोरासमोर वाचून जुळवा.
जेटीवर? सगळे ऐकतील.
ऐकू देत, हे ऐकलं तरी चालतं.
म्हणून आम्ही बसलो,
दादा वाऱ्यावर ओरडून पाच पाच आकडे वाचतो,
मी बोट ठेवून ठेवून हो म्हणते,
बर्फवाला हसतो,
एका मांजराला वाटतं लिलाव चालू झाला.

नवा पिन मात्र
मी घरी येऊन दादाच्या कानात सांगितला.
रुचिताला कळलं तर रागावेल.
आधी उंबऱ्याकडे पाहून घेतलं,
कुणी उभं नव्हतं.