तीन खडे

आयला बेटावर चाळीस वर्षं
याखननं पिंपं बांधली.
ओकच्या फळीला नाक लावून सांगायचा
आत आधी शेरी होती की बर्बन.
व्हिस्की कोरीच प्यायचा.
पाणी चालेल, म्हणायचा, पण चमचाभर,
तेही ओढ्याचं, चहाच्या रंगाचं.
बर्फ मागणाऱ्या पर्यटकाकडं
असा बघायचा, की तो बिचारा
पैसे ठेवून वाऱ्यात निघून जायचा.

मागच्या हिवाळ्यात ताप आला
आणि वास गेला.
धुराचा, डांबराचा, ओल्या कुत्र्याचा,
बायकोच्या लोकरी शालीचासुद्धा.
"नुसती जळजळ उरली," एवढंच बोलला.

काल काउंटरवर कोपर टेकून
म्हणाला, "उना, तीन खडे टाक."
डार्ट्स थांबले. कुणीतरी खोकलं.
उनानं फ्रीजरच्या तळाशी हात घातला,
माशांच्या पाकिटाखालून ट्रे ओढला,
काही न विचारता.

याखननं ग्लास उचलला,
ओठांशी नाही, कानाशी नेला,
डाव्या, बरं ऐकू येतं त्या.
बर्फ तडकत होता, बारीक,
नवं पिंप पहिल्यांदा भरताना
फळ्या आतून बोलतात तसा.

"गळत नाही," म्हणाला.